'अर ख़ूअ' चुकलं कुठे? आयरिशमधल्या 'जाणे'चं एक प्रकरण

ताई आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात राहते. तिची मुलगी तिथल्या शाळेत शेवटच्या बोर्ड परीक्षेची, म्हणजे लीव्हिंग सर्टची तयारी करतेय. आयरिश तिथे सक्तीचा विषय आहे. बारा वर्षांचं होईपर्यंत देशाबाहेर शिकलेल्या मुलांना त्यातून सूट मिळू शकते, पण भाची तिथे गेली ती बालवाडीच्या वयात, त्यामुळे सुटकेचा प्रश्नच नव्हता. तशी ती हुशार, घरी मराठी, बाहेर इंग्रजी आणि वर्गात आयरिश अशी तिन्ही नीट सांभाळणारी.

मागच्या हिवाळ्यात तिने मला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. चित्रमालिका बघून लिहिलेली गोष्ट होती. दोन मैत्रिणी, हरवलेला फोन, दुकानातली धावपळ, असं काहीतरी. सगळं पान स्वच्छ आणि एका जागी लाल गोल. तिने लिहिलं होतं 'अर ख़ूअ तू', म्हणजे 'तू गेलीस का'. बाईंनी शेजारी सुधारून लिहिलं होतं, 'अन न्याख़ा तू'.

खाली भाचीचा प्रश्न: "मावशी, 'गेलीस' म्हणायला एक शब्द आणि 'गेलीस का' म्हणायला दुसरा? प्रश्न विचारला की क्रियापदच बदलायचं? का पण?"

मी पुण्यात जर्मन शिकवते आणि जुनी आयरिश हा माझा फावल्या वेळातला नाद आहे, त्यामुळे प्रश्न योग्य ठिकाणी आला होता. एवढ्याशा लाल गोलात बरंच काही दडलेलं निघालं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितेय.

आधी उच्चारांबद्दल दोन शब्द. इथला 'ख़' आपल्या 'खडू'तला नाही. घसा घासून निघणारा, उर्दू 'ख़बर'मधला आहे. आयरिश लेखन रोमन लिपीत होतं आणि त्यात अक्षरांची चैन असते. 'ख़ूअ' लिहायला सात अक्षरं लागतात, 'न्याख़ा' लिहायला दहा. दोन्हींच्या शेवटी असलेली आय-जी-एच ही तीन अक्षरं देशाच्या एका भागात जवळजवळ मुकी, दुसऱ्या भागात 'ई'सारखी आणि दक्षिणेत चक्क 'ग'सारखी उच्चारली जातात. मी इथे पश्चिमेकडचे उच्चार धरलेत.

भाचीचं गणित

आयरिशमध्ये अनियमित क्रियापदं मोजून ११ आहेत. इंग्रजीच्या मानाने हे ऐकायला फारच सोपं वाटतं. पण ती ११ कोणती बघा: असणे, करणे, जाणे, येणे, देणे, मिळवणे, पाहणे, ऐकणे, खाणे, म्हणणे आणि पकडणे. ही सोडून पाच मिनिटं बोलून दाखवावं कुणीही! त्यातही 'जाणे' सगळ्यात नाठाळ. आज्ञा करताना 'टेय' (जा), वर्तमानात 'टेन', भूतकाळात 'ख़ूअ', भविष्यात 'राख़ा' आणि क्रियेचं नाव म्हणून 'दुल'. भूतकाळात त्याला आणखी एक तोंड आहे, ते 'द्याख़ा'. प्रश्न, नकार आणि काही विशिष्ट उपवाक्यांत 'ख़ूअ' चालत नाही, तिथे हे दुसरं रूप येतं. नकाराच्या 'नी'नंतर त्याचं पहिलं व्यंजन मऊ होऊन 'नी याख़ा' होतं आणि प्रश्नाच्या 'अन'नंतर त्यावर नाकातला आवाज चढून 'अन न्याख़ा'. आयरिशमध्ये शब्दांची पहिली अक्षरं अशी सतत वेश बदलत असतात, ते भाचीला सवयीचं आहे. तिची अडचण 'द्याख़ा' आलंच कुठून ही होती.

तिने 'अर ख़ूअ' का लिहिलं, ते उघड आहे. नियमित क्रियापदांचा भूतकाळी प्रश्न 'अर'ने होतो आणि नकार 'नीर'ने. 'दार लावलंस का?' याला 'अर ग़ून तू अन दोरस?', आणि नाही लावलं तर 'नीर ग़ून'. बरं, हे फक्त नियमितांपुरतं असतं तरी एक वेळ ठीक होतं. अनियमितांपैकीही पाच जणं हाच नियम पाळतात. त्यात 'जाणे'चं सख्खं जोडीदार 'येणे' आहे: 'हानिग' म्हणजे आला, 'अर हानिग' म्हणजे आला का. मग 'आला का'ला 'अर हानिग' आणि 'गेला का'ला 'अर ख़ूअ' नको? कुठलाही विचार करणारा माणूस हेच लिहील. आपल्याकडे लहान मुलं 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतात, तेव्हा ती आळशी नसतात, उलट त्यांना नियम कळलेला असतो. भाचीचंही तेच.

की कॉर्कचा गुण?

इथे प्रकरणाला एक फाटा फुटला. कॉर्क हे मन्स्टर या दक्षिणेकडच्या प्रांतात येतं, आणि मन्स्टरच्या बोलीत 'अर ख़ूइग' आणि 'नीर ख़ूइग' म्हणणारे जन्मजात आयरिश बोलणारे लोक खरोखर आहेत. (तिथला शेवटचा 'ग' पक्का.) भाचीला लाल गोल मिळवून देणारं रूप मन्स्टरमधल्या केरी जिल्ह्यातल्या एखाद्या आजोबांच्या तोंडी सहज सापडेल. तिथे 'द्याख़ा'चे भाऊबंदही ऐकू येतात, दोन्ही नांदतात. शिवाय भाची गेल्या उन्हाळ्यात केरी जिल्ह्यातल्या डिंगल द्वीपकल्पावर आयरिशच्या निवासी वर्गाला गेली होती. तो भाग गेल्टाख़्टमध्ये, म्हणजे आयरिश ही रोजची भाषा असलेल्या टापूत येतो.

ताईने हे ऐकलं आणि लगेच शाळेला मेल लिहायला बसली. "बोली आहे ती! मुलीचे गुण कापतात म्हणजे काय?"

मी म्हटलं, "ताई, जरा थांब. आधी बाकीची वही बघू."

रूप मन्स्टरहून आलं की तिच्या डोक्यातून, हे ओळखणं अवघड नव्हतं. मन्स्टरची बोली एकटी येत नाही, गोतावळा घेऊन येते. तिथे 'मी गेलो' हे 'ख़ूअ मे' असं दोन शब्दांत सांगण्याऐवजी 'ख़ुअस' असं एकाच शब्दात सांगतात, म्हणजे 'मी' क्रियापदाच्या शेपटीतच येतो. 'मी जाईन' तिथे 'राइद' होतं. 'जा' असं सांगायचं तर 'टेर'. 'केलं' यासाठी 'रिना'ऐवजी 'येन'. भाचीच्या वहीत यातलं काही नव्हतं. 'ख़ूअ मे', 'राख़ा मे', 'रिना मे', सगळं पाठ्यपुस्तकी. दुसरीकडे जुन्या पानांत 'तू पाहिलंस का' यासाठी 'अर ख़ोनिक' सापडलं. त्याला मन्स्टरचा आधार नाही, तिथे 'अन व्याका' म्हणतात. 'तू केलंस का' यासाठी 'अर रिना'ही होतं. म्हणजे ती 'अर' सगळ्यांनाच लावत सुटली होती. केरीच्या आजोबांचा यात हात नव्हता.

शाळेला मेल गेला नाही. प्रमाण आयरिशचं सरकारी व्याकरण, ज्याला 'काइजान' म्हणतात, ते १९५८ साली आलं आणि २०१७ पर्यंत त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. त्याच्या मूळ प्रस्तावनेतच म्हटलंय की इथे काही रूपांना खास मान्यता दिली आहे, पण म्हणून इतर योग्य रूपं बाद ठरत नाहीत. म्हणजे बोलीला दार उघडं आहे. पण मन्स्टर बोलायचं तर पुरतं बोलावं, 'ख़ुअस' आणि 'राइद'सकट. सगळं लेखन प्रमाण आणि अडलं तिथे बोलीचं नाव पुढे करायचं, हे मला पटत नाही. बाईंचा लाल गोल जागेवरच होता. फक्त त्याच्या शेजारी कारणाची एक ओळ हवी होती, ती नव्हती.

एकाच शब्दाचे दोन तुकडे

कारणासाठी बाराशे वर्षं मागे जावं लागतं. जुनी आयरिश आपल्याला मुख्यतः लॅटिन हस्तलिखितांच्या समासांत आणि ओळींमधल्या जागेत भिक्षूंनी लिहिलेल्या टिपांतून कळते. जर्मनीतल्या वुर्त्सबुर्गला असलेल्या पौलाच्या पत्रांच्या प्रतीवर ८ व्या शतकातल्या अशा टिपा आहेत. या भाषेत 'गेलेला आहे' असं, क्रिया पुरी झाल्याचं रूप होतं 'दो-कूअइद'. मूळ क्रियापदाला पुढून दोन उपसर्ग जोडून ते बनलेलं होतं.

आता जुन्या आयरिशचा आघाताचा नियम. साध्या विधानात अशा जोडक्रियापदाचा पहिला उपसर्ग हलका आणि जोर दुसऱ्या घटकावर: दो-कूअइद. पण पुढे 'नी' (नकार) किंवा प्रश्नाचा शब्द आला की तो हलकी जागा घेतो आणि जोर एक घर मागे, पहिल्या उपसर्गावर येतो: नी-देख़ुइद. आयरिशमध्ये जोर नसलेल्या भागाची फार आबाळ होते. स्वर आखडतात, कधी अक्षरंच गळतात. त्यामुळे शब्द तोच असून 'गेला' म्हणताना त्याचं शेपूट ठसठशीत राहिलं आणि डोकं झिजलं, तर 'गेला नाही' म्हणताना डोकं टिकलं आणि शेपूट झिजलं.

पुढच्या शतकांत 'दो' बहुतेक ठिकाणी पडला, पण जाताना पुढच्या 'क'ला मऊ करून गेला. 'ख़ूअ'मधला 'ख़' हीच त्या 'दो'ची खूण. मन्स्टरमध्ये तो अजून पुरता मेलेला नाही, 'दो ख़ुअस' आजही ऐकू येतं. 'द्याख़ा'ने मात्र पहिला 'द' जपला, त्याचा 'ऊअ' गेला. दोन्ही शब्द शेजारी ठेवले की सामायिक उरतो तो फक्त मधला 'ख़'.

भाचीला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दोन क्रियापदं नाहीतच?" नाहीत. 'टेय' आणि 'राख़ा' ही मात्र खरंच वेगवेगळ्या मुळांची आहेत. जुन्या आयरिशमधलं 'तिअगु' (मी जातो) हे जर्मन 'श्टाइगन'चं (चढणे) नातेवाईक, हे मला वर्गात सांगायला आवडतं. भविष्याचं मूळ निराळंच. पण भूतकाळातली ही दोन रूपं एकाच शब्दाची, फक्त जोर वेगवेगळ्या जागी पडलेली.

'अर'मधला र

पण निम्मंच उत्तर झालं. 'अन न्याख़ा'मध्ये 'न्याख़ा' का, ते कळलं, पण 'अर'ऐवजी 'अन' का? भाचीची खरी चूक या 'र'पाशी आहे, आणि मला हा भाग जास्त आवडतो.

जुन्या आयरिशमध्ये 'रो' नावाचा एक छोटा शब्द होता. क्रिया पुरी झाली हे दाखवायला तो क्रियापदाला लागायचा. हळूहळू 'पुरी झाली' आणि 'झाली' यातला फरक पुसला गेला आणि 'रो' साध्या भूतकाळाची खूण होऊन बसला. मग तो प्रश्नाच्या आणि नकाराच्या शब्दांना चिकटला: 'अन' आणि 'रो' मिळून 'अर', 'नी' आणि 'रो' मिळून 'नीर'. आज शाळेत शिकवतात तो नियम एवढाच आहे.

सहा अनियमित क्रियापदं या 'र'ला शिवत नाहीत: असणे, करणे, जाणे, पाहणे, मिळवणे, म्हणणे. त्यातल्या काहींच्या पोटात 'रो' आधीच बसलेला आहे. 'होता'चं प्रश्नातलं रूप 'रेव्ह', त्यातला 'र' तोच. 'केलं'चं प्रश्नातलं रूप 'द्यार्ना', त्यातलाही तोच. वर आणखी एक कशाला? आणि 'जाणे'ला 'रो'ची कधी गरजच पडली नाही, कारण 'दो-कूअइद' हे मुळातच 'गेलेला आहे' अशा अर्थाचं होतं. 'गेला' असं नुसतं सांगायला तेव्हा 'लुइद' हे वेगळं रूप होतं. पुढे 'लुइद' मेलं आणि 'गेलेला आहे'वाल्या रूपाने सगळा भूतकाळ बळकावला.

मराठीतही नेमकं असंच घडलंय. संस्कृतातली 'अगच्छत्', 'जगाम' ही भूतकाळाची खरी रूपं लयाला गेली आणि 'गत' या 'गेलेला' अर्थाच्या विशेषणापासून आपलं 'गेला' आलं. वर्तमानातलं 'जातो' मात्र 'या' धातूचं. म्हणजे 'जाणे'ची दोन मुळं आपणही रोज वापरतो आणि कुणाला खुपत नाही. फरक एवढाच की आपण 'गेली', 'गेली का', 'गेली नाही' या तिन्हींत 'गेली'ला हात लावत नाही.

मग 'येणे'ने तरी 'र' का घेतला? त्यालाही एके काळी नव्हता. उत्तरेत डोनेगॉलकडे आजही 'नी हानिग' म्हणतात, 'नीर हानिग' नाही. म्हणजे 'येणे'ला लोकांनी नियमात ओढलं आणि प्रमाणभाषेने ते मान्य केलं. 'जाणे'ला मन्स्टरमध्ये लोक ओढतायत, पण प्रमाणभाषेने तिथे जुनंच धरलं. भाची ज्या दोन क्रियापदांना एका मापाने मोजत होती, त्यांचा निवाडा दोन वेगळ्या मापांनी झाला होता. याला तर्क विचारू नये. प्रमाणभाषा ठरवताना कुणाला तरी कुठेतरी रेघ मारावी लागते.

उपाय

शाळेतल्या तक्त्यात भूतकाळाचा रकाना असा आहे: मी गेलो, तू गेलास, तो गेला, ती गेली, आम्ही गेलो, तुम्ही गेलात, ते गेले, सगळं 'ख़ूअ'चं, फक्त 'आम्ही'ला 'ख़ुअमर'. मग रेघ आणि रेघेखाली बारीक अक्षरात 'नी याख़ा, अन न्याख़ा'. मुलं रेघेवरचं घोकतात आणि रेघेखालचं परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतात. 'ख़ूअ' शेकडो वेळा तोंडात बसतं आणि 'द्याख़ा' पाहुण्यासारखं राहतं.

इथे आयरिशची एक खोड आपल्या कामी आली. या भाषेत 'हो' आणि 'नाही' यांना शब्दच नाहीत. प्रश्नाला उत्तर म्हणून क्रियापदच परत म्हणायचं. मराठीतही 'जेवलीस का?' 'जेवले' असं चालतं, पण आपल्याला 'हो'ची सोय आहे, त्यांना नाही. म्हणून 'अन न्याख़ा तू ग जी अन शुपा?' (दुकानात गेली होतीस का?) याचं उत्तर एकतर 'ख़ूअ', नाहीतर 'नी याख़ा'. प्रत्येक प्रश्नोत्तरात दोन्ही रूपांची गाठ पडते, आणि ती सुटी करून शिकवणं म्हणजे भाषेनेच दिलेली सोय वाया घालवणं.

मग तक्ता बाजूला ठेवला. रोज संध्याकाळी ताईने स्वयंपाक करता करता भाचीला दिवसभराच्या जाण्यायेण्याबद्दल प्रश्न विचारायचे, आयरिशमध्ये, आणि भाचीने खरं तेच उत्तर द्यायचं. ताईला आयरिश येत नाही, पण चार प्रश्न पाठ करायला कितीसा वेळ? जाण्याचा प्रश्न आणि येण्याचा प्रश्न मुद्दाम आलटूनपालटून, म्हणजे 'अन न्याख़ा'ला 'ख़ूअ' आणि 'अर हानिग'ला 'हानिग' यांची टक्कर तोंडातच व्हावी. पहिल्या आठवड्यात पोळ्या करपल्या, असं ताईचं म्हणणं. मग भाचीने उलट प्रश्न विचारायला सुरुवात केली, "आई, अन न्याख़ा तू जिमला?", आणि ताई न चुकता 'नी याख़ा'.

साधा प्रश्न आणि साधा नकार दोनेक महिन्यांत बसले. इतिहास सांगितल्याने नाही, सरावाने. इतिहासाचा उपयोग वेगळ्या जागी झाला. 'अन न्याख़ा' ही आपल्यावर कुणीतरी केलेली खोडी आहे, ही तिची चिडचिड संपली, आणि 'अर ख़ोनिक', 'अर रिना' तिने स्वतःहून शोधून दुरुस्त केले. 'पाहणे' आणि 'करणे' त्याच सहांच्या टोळीत आहेत, हे तिला आता माहीत होतं.

अजून अडतंय ते 'कधी' आणि 'कुठे' यांच्यात. आयरिशमध्ये 'कधी गेलीस' आणि 'कशी गेलीस' यांना 'ख़ूअ' लागतं, पण 'कुठे गेलीस' आणि 'का गेलीस' यांना 'न्याख़ा'. यामागचं कारण दोन प्रकारच्या संबंधी उपवाक्यांत आहे आणि तो धडा मोठा आहे. 'म्हणाला की तो गेला' यातही 'की'नंतर 'न्याख़ा'च यायला हवं, आणि तिथे भाचीच्या पेनातून अजून 'गुर ख़ूअ' उतरतं. म्हणजे 'र'ने पाठ सोडलेली नाही, नुसती जागा बदलली.

तोंडी परीक्षेला आयरिशमध्ये ४० टक्के गुण आहेत आणि त्यात चित्रमालिकेवरून गोष्ट सांगायची असते, सगळी भूतकाळात. मुलं कुठे गेली, का गेली, आई काय म्हणाली, याशिवाय गोष्टी होतात कुठे? ताईच्या स्वयंपाकघरात सध्या 'कुठे' आणि 'का' चालू आहेत. 'म्हणाला की' पुढच्या महिन्यात घेऊ.